डिरेक्टरीतले ग्रुप आणि ऑफिसचा फॅक्स सर्व्हर: आपोआप सिंक करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर या पट्ट्यातल्या संस्थांमध्ये कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्यांसाठी आहे. जिनिंग-प्रेसिंग, पतसंस्था, शिक्षणसंस्था, ट्रस्टचा दवाखाना. मुख्य ऑफिस जिल्ह्याला, शाखा तालुक्याला, आणि सगळं सांभाळायला एकच माणूस. तोच प्रिंटर बघतो, तोच सीसीटीव्ही बघतो, आणि फॅक्स आला नाही तर फोनही त्यालाच जातो. प्रश्न फोनवर येतात तसेच घेतले आहेत.

फॅक्स अजून आहे का हो?

आहे. कमी झालाय, पण समोरचं ऑफिस सहीशिक्क्याचा कागद फॅक्सवर मागतं तोवर तुम्हाला ठेवावाच लागतो. फक्त ते गुंडाळीच्या कागदाचं मशीन ठेवू नका. थर्मल कागदावरची अक्षरं फिकी पडत जातात आणि ऑडिटच्या वेळी हातात कोरा कागद राहतो. नेटवर्क फॅक्स सर्व्हरमध्ये आलेला फॅक्स फाइल म्हणून साठतो आणि ज्याचा त्याच्याकडे मेलने किंवा इनबॉक्समध्ये जातो. पाठवणाराही आपल्या टेबलावरूनच पाठवतो.

सिंक म्हणजे नेमकं काय होतं?

ऑफिसात कोण कोण आहे, कोण कुठल्या विभागात, कोणाचं लॉगिन चालू आहे, ही माहिती डिरेक्टरीत असते. विंडोज असेल तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, जी विंडोज २००० पासून आहे. पैसे वाचवले असतील तर सांबा हे फुकटचं सॉफ्टवेअर. डिसेंबर २०१२ च्या ४.० आवृत्तीपासून तो स्वतःच डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर, होऊ शकतो. काही ठिकाणी ओपन-एलडॅप ही फुकटची डिरेक्टरी असते. फॅक्स सर्व्हरची मात्र स्वतःची वेगळी यादी असते: कोणी फॅक्स पाठवायचा, कोणाला आलेला दिसायचा, कोणी रांगेतला रद्द करायचा.

सिंक म्हणजे ठरावीक वेळाने डिरेक्टरीतले ग्रुप वाचायचे आणि त्याप्रमाणे फॅक्स सर्व्हरची यादी जुळवून घ्यायची. एकाच दिशेने. फॅक्स सर्व्हरने डिरेक्टरीत एक अक्षरही लिहायचं नाही.

आमची माणसं वीस-पंचवीस. हातानेच नावं टाकली तर काय बिघडतं?

नाव टाकताना काहीच बिघडत नाही. नवा माणूस आला आणि त्याला फॅक्स दिसला नाही, तर तो दुपारपर्यंत तुमच्या डोक्यावर येऊन उभा राहतो: "भाऊ, मायं नाव काहून नाही दिसून राह्यलं जी?" मग तुम्ही टाकताच.

अडचण जाणाऱ्याची आहे. नोकरी सोडलेला माणूस कधीच फोन करून सांगत नाही, की माझं नाव काढा. रेशनकार्डावर सासरी गेलेल्या मुलीचं नाव वर्षानुवर्षं राहतं, तसंच फॅक्सच्या यादीत होतं. जिनिंगमध्ये तर हे दर हंगामाला घडतं. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की वजनकाट्यावर, ग्रेडिंगला, बिलिंगला माणसं लागतात आणि उन्हाळा लागता लागता ती निघून जातात. आपल्याकडे ऑफिसचा मेल नसतो, म्हणून फॅक्स त्यांच्या घरच्या जीमेलवर लावलेला असतो. एका जिनच्या जुन्या बिलिंग क्लार्कने मला सांगितलं, "मी तं कवाचाच सोडला तो जिन, पण फॅक्स अजून येऊनच राह्यले." तोवर तो शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला होता, आणि फॅक्समध्ये भाव होते.

नावं टाकायचे चार क्लिक वाचावेत म्हणून सिंक लावायची गरज नाही. नावं वेळेवर निघावीत म्हणून लावायचं. खालची बरीच उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

ग्रुप कसे पाडायचे?

इथे घाई करू नका. बाकीचं सगळं यावरच उभं राहतं.

पहिली गोष्ट: "लेखा", "खरेदी", "आस्थापना" असे विभागाचे ग्रुप तुमच्याकडे आधीच असतील. त्यांनाच थेट फॅक्सचे अधिकार देऊ नका. ते ग्रुप शेअर्ड फोल्डरसाठी केलेले असतात. उद्या कोणीतरी ऑडिटरच्या पोराला आठवडाभर फोल्डर दिसावं म्हणून "लेखा"त टाकेल आणि त्याला बँकेचे फॅक्सही दिसायला लागतील. फॅक्ससाठी वेगळे ग्रुप करा आणि त्यांची नावं कामावरून द्या: फॅक्स-पाठवणारे, फॅक्स-आवक, फॅक्स-व्यवस्थापक. मग विभागाचा अख्खा ग्रुप आत घालायचा की निवडक माणसं, ते तुमच्या हातात राहतं.

दुसरी: आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फॅक्सची लाइन एकच. मोठ्या शहरात प्रत्येक विभागाला स्वतंत्र डायल-इन नंबर असतो आणि सर्व्हर नंबरावरून ओळखतो, की हा फॅक्स कोणाचा. एका साध्या लाइनवर ते जमत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर किंवा त्याच्या मशीनने पाठवलेली ओळख पाहून थोडं वेगळं काढता येतं, पण कित्येक मशीनमध्ये ती ओळख कोणी भरलेलीच नसते. म्हणून सरळ मार्ग असा: सगळे आलेले फॅक्स "फॅक्स-आवक" ग्रुपला जातील. त्या ग्रुपात आवक-जावक बघणारा क्लार्क आणि त्याच्या रजेच्या काळात बसणारा, एवढेच. तो टपालासारखाच बटवडा करील. सगळ्यांना सगळे फॅक्स ही सोय नाही. तसं केलं की सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने बघितला असेल, आणि फॅक्स पडून राहतो.

तिसरी: प्रत्येक ग्रुपला ऑफिसातला एक धनी हवा. आयटीवाला नाही, हेडक्लार्क किंवा मॅनेजर. कोण ग्रुपात असावं हे त्याने सांगायचं, तुम्ही करायचं. ग्रुपच्या वर्णनाच्या रकान्यात त्याचं पद लिहून ठेवा. नाव लिहू नका, नाव बदलतं.

आणि एक माणूस दोन ग्रुपात असला तर काय, हे सुरू करायच्या आधीच ठरवा. बहुतेक फॅक्स सर्व्हरमध्ये एका माणसाला एकच प्रोफाइल असतं. ग्रुपचा क्रम लिहून ठेवला नाही, तर आज एक प्रोफाइल लागेल, उद्या दुसरं.

ग्रुपात ग्रुप टाकला, पण आतली माणसं फॅक्समध्ये येत नाहीत.

कारण ग्रुपच्या "मेंबर" रकान्यात फक्त थेट सदस्य असतात. आतल्या ग्रुपचं नाव दिसतं, त्यातली माणसं नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत यासाठी एक खास नियम आहे, ज्याचा क्रमांक १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१. फिल्टरमध्ये, म्हणजे डिरेक्टरीला विचारायच्या अटीत, "मेंबरऑफ"च्या पुढे हा लावला, की तो सगळी साखळी उलगडून शेवटच्या माणसापर्यंत जातो. टाइप करताना अंक अर्थातच इंग्रजी. सांबाच्या नव्या आवृत्त्याही हा नियम ओळखतात. ओपन-एलडॅप ओळखत नाही. तिथे स्क्रिप्टनेच एकेक पायरी उतरावं लागतं, आणि उतरताना एक ग्रुप फिरून स्वतःतच येत नाही ना, एवढं तपासायचं.

"डोमेन युजर्स" ग्रुप सिंकला लावला, तर एकही माणूस नाही. ग्रुप तर भरलेला आहे!

ग्रुप भरलेलाच आहे. पण तो प्रत्येकाचा प्रायमरी ग्रुप असल्याने त्याची नोंद ग्रुपच्या सदस्य यादीत नसते. ती प्रत्येक माणसाच्या नावावर "प्रायमरी-ग्रुप-आयडी" या रकान्यात ५१३ अशी असते. तसाही हा ग्रुप फॅक्सला लावू नका. त्यात स्कॅनरसाठी केलेलं अकाउंटसुद्धा असतं.

मोठ्या संस्थेत अर्धीच माणसं येतात.

दोन मर्यादा आहेत. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एका उत्तरात १००० नोंदी देते, आणि ग्रुपच्या सदस्यांचा रकाना एका वेळी १५०० पर्यंतच वाचू देते. पुढच्या हव्या असतील तर पान उलटून मागाव्या लागतात. सगळ्या शाळा-कॉलेजांचं मिळून एकच डोमेन असलेल्या शिक्षणसंस्थेला हे लागू होतं. पतसंस्थेने हा प्रश्न सोडून पुढे जावं.

लग्नानंतर मॅडमचं आडनाव बदललं. आता फॅक्समध्ये त्या दोनदा दिसतात आणि जुने फॅक्स उघडत नाहीत.

तुमचं सिंक माणूस नावावरून ओळखतंय. नाव, लॉगिन, मेल, कुठल्या विभागाच्या डब्यात आहे तो पूर्ण पत्ता, हे सगळं बदलू शकतं. वणीहून पांढरकवड्याला बदली झाली तरी पत्ता बदलतो. न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ऑब्जेक्ट-जीयूआयडी. अकाउंट तयार होताना पडलेला १६ बाइटचा हा ओळखक्रमांक आडनाव बदललं, लॉगिन बदललं, डबा बदलला तरी तसाच राहतो. ओपन-एलडॅपमध्ये त्याच कामाला एंट्री-यूयूआयडी आहे. फॅक्स सर्व्हरच्या यादीत एक जादा रकाना ठेवा, हा क्रमांक त्यात भरा आणि माणूस त्यावरूनच जुळवा.

एक खोच सांगून ठेवतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी हा क्रमांक कच्च्या बाइटमध्ये देते आणि त्यातल्या पहिल्या तीन भागांचे बाइट उलट्या क्रमाने असतात. एका टूलने काढलेला आणि दुसऱ्या टूलने काढलेला क्रमांक वेगळा दिसला, तर माणूस वेगळा नाही, लिहायची पद्धत वेगळी आहे. एकाच पद्धतीला धरून राहा.

आपल्याकडे एकाच आडनावाची माणसं एका शाखेत चार-चार असतात. वानखडे म्हणा, राऊत म्हणा, मेश्राम म्हणा. आद्याक्षर आणि आडनावावरून जुळवणी केली, तर एका वानखड्यांचे फॅक्स दुसऱ्या वानखड्यांना जातील, आणि दोघंही महिनाभर काही बोलणार नाहीत.

माणूस गेला हे सिंकला कसं कळतं?

चार प्रकारे कळू शकतं. त्यातले दोन प्रकार लोक हमखास विसरतात.

ग्रुपमधून काढला: यादीत नाव नाही, कळतं. अकाउंटच डिलीट केलं: तेही कळतं.

अकाउंट नुसतं बंद केलं, म्हणजे डिसेबल केलं, तर माणूस ग्रुपात तसाच राहतो. सिंकला वाटतं तो आहे. बंद असल्याची खूण "युजर-अकाउंट-कंट्रोल" या आकड्यात असते. साधं चालू अकाउंट ५१२, बंद केलं की ५१४. म्हणून कोणी स्क्रिप्टमध्ये "५१४ असेल तर बंद" असं लिहितो आणि फसतो. ज्यांच्या पासवर्डला मुदत नाही, त्यांचा आकडा ६६०४८ असतो आणि बंद केल्यावर ६६०५० होतो. अख्खा आकडा ताडून बघू नका, त्यातला २ किमतीचा बिट तेवढा तपासा. फिल्टरमध्येच करायचं असेल तर त्याचा नियम १.२.८४०.११३५५६.१.४.८०३.

चौथा प्रकार हंगामी माणसांचा, आणि तोच सगळ्यात फसवा. अकाउंट करतानाच "३१ मार्चपर्यंत" अशी मुदत टाकलेली असते. चांगली सवय आहे. पण मुदत संपल्यावर तो ग्रुपातून निघत नाही, आणि बंदचा बिटही लागत नाही. तो डोमेनवर लॉगिन करू शकत नाही, एवढंच. फॅक्स सर्व्हर मात्र त्याच्या जीमेलवर आलेले फॅक्स पाठवतच राहतो, कारण मेल पाठवायला त्याचं लॉगिन लागत नाही. म्हणून "अकाउंट-एक्स्पायर्स" हा रकानाही सिंकने वाचलाच पाहिजे. त्यातली तारीख १ जानेवारी १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत मोजलेली असते. ० किंवा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ असेल, तर मुदत नाही असं समजायचं.

मग गेलेल्याचं नाव फॅक्स सर्व्हरमधून डिलीट करायचं?

नाही. गोठवायचं. पाठवणं बंद, मेल बंद, लॉगिन बंद, पण नाव आणि त्याच्या नावावरचे जुने फॅक्स जागेवर. काही फॅक्स सर्व्हर युजर डिलीट केला की त्याचा इनबॉक्सही पुसतात, आणि नेमका त्यातलाच कागद सहा महिन्यांनी कोर्टाच्या तारखेला लागतो. रांगेत अडकलेले फॅक्स विभागप्रमुखाच्या नावावर वळवा.

हंगामी माणसांचं डिरेक्टरीतलं अकाउंटही डिलीट करू नका. डिसेबल करा. तोच माणूस पुढच्या ऑक्टोबरात परत येतो. डिलीट करून त्याच नावाने नवं अकाउंट केलं, तर ऑब्जेक्ट-जीयूआयडी नवा पडतो आणि सिंकच्या लेखी तो परका माणूस असतो. डिलीट झालंच असेल आणि विंडोज सर्व्हर २००८ आर-२ पासून मिळणारा रिसायकल बिन आधीच सुरू केलेला असेल, तर साधारणपणे १८० दिवसांच्या आत ते अकाउंट जुन्या ओळखीसकट परत आणता येतं.

रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि सिंक चालू असतानाच लाइन गेली. सगळी नावं उडतील का?

कच्चं सिंक असेल तर हो, उडतात. डिरेक्टरीकडून अर्धवट उत्तर आलं किंवा रिकामी यादी आली, की बाळबोध स्क्रिप्ट समजते सगळी माणसं गेली. आपल्याकडे जेसीबी आणि फायबर यांची भेट ठरलेलीच, तेव्हा हे आधीच बांधून ठेवा:

डिरेक्टरीकडून कुठलीही चूक आली, तर त्या खेपेला काहीही करायचं नाही. जुनी यादी जशीच्या तशी चालू द्यायची. आधी सगळं वाचून पूर्ण करायचं, मगच बदल करायचे. वाचता वाचता बदलायचं नाही.

आणि एक ब्रेक लावायचा. एका खेपेत दहा टक्क्यांहून जास्त माणसं गोठवावी लागत असतील, तर सिंकने थांबावं आणि तुम्हाला मेल करावा. दहाच का? लहान ऑफिसात तीन-चार माणसांची संख्या धरा. आकडा तुमचा, पण ब्रेक हवाच. हंगाम संपताना खरोखरच एकदम माणसं जातात, तेव्हा तो लागेल. लागू द्या. तुम्ही यादी बघून हाताने पुढे ढकला.

कोणी चुकून अख्खा ग्रुपच डिलीट केला, तरी हाच ब्रेक वाचवतो. ग्रुप सापडला नाही ही चूक आहे. ग्रुप रिकामा आहे असा तिचा अर्थ लावायचा नाही.

पासवर्डही सिंक होतात का?

नाही, आणि व्हायलाही नकोत. माणूस फॅक्स सर्व्हरवर लॉगिन करतो, तेव्हा सर्व्हर त्याचं नाव-पासवर्ड डिरेक्टरीकडे नेऊन विचारतो, बरोबर आहे का. याला बाइंड म्हणतात. पासवर्ड फॅक्स सर्व्हरवर साठत नाही.

इथे एक भोक आहे, ते आजच तपासून घ्या. एलडॅपच्या, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेच्या, नियमाप्रमाणे नाव दिलं आणि पासवर्ड कोरा ठेवला, तर काही डिरेक्टरी ते अनामिक बाइंड समजून "यशस्वी" असं उत्तर देतात. फॅक्स सर्व्हर ते उत्तर पाहून माणसाला आत सोडतो. म्हणजे साहेबांचं लॉगिन टाकायचं, पासवर्ड रिकामा ठेवायचा, एंटर मारायचा, की साहेबांचा इनबॉक्स समोर! कोरा पासवर्ड डिरेक्टरीपर्यंत जाऊच द्यायचा नाही. फॅक्स सर्व्हरनेच तो परतवायचा.

सिंकसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं अकाउंट दिलं तर चालेल? तेच एक पाठ आहे.

चालेल, आणि तेच वाईट आहे. तो पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये पडून राहणार. वेगळं अकाउंट करा. वाचण्यापुरता अधिकार पुरतो. त्याच्या पासवर्डला मुदत ठेवली असेल, तर मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सिंक बंद पडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

३८९ वर चालतं, ६३६ वर चालत नाही.

३८९ हा डिरेक्टरीशी बोलायचा साधा पोर्ट, ६३६ हा सुरक्षित. ३८९ वर पासवर्ड उघडा जातो, म्हणून ६३६ चा हट्ट बरोबर आहे. तिथे सर्टिफिकेट लागतं. फॅक्स सर्व्हर लिनक्सवर असेल, तर तुमच्या डोमेनच्या सर्टिफिकेट देणाऱ्याचं मूळ सर्टिफिकेट त्यावर नेऊन ठेवा. दुसरं कारण त्याहून साधं असतं: सेटिंगमध्ये आयपी टाकलेला असतो आणि सर्टिफिकेटवर नाव असतं. पूर्ण नाव टाका. तिसरं म्हणजे मुदत संपलेली असते. "तपासणी बंद करा" हा पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका.

सकाळी लाइट आली की तासभर कोणाचंच लॉगिन होत नाही. मग आपोआप होतं.

घड्याळ बघा. फॅक्ससाठी बहुतेक ठिकाणी जुनाच पीसी ठेवलेला असतो, त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, सकाळी मशीन उठली की घड्याळ भलत्याच वर्षात. केर्बेरॉस या पद्धतीने ओळख तपासत असाल, तर दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. सर्टिफिकेटही "अजून लागू झालेलं नाही" म्हणून नाकारलं जातं. नेटवरून वेळ जुळली, की सगळं सुरळीत, म्हणून तासाभराने "आपोआप".

सेल बदला, किरकोळ पैशांचं काम आहे. वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी जुळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना तेच सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही.

सिंक किती वेळाने चालवावं?

दर अर्ध्या तासाने पुरतं. दर मिनिटाला लावून काही साधत नाही, कारण उशीर बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. शाखेत वेगळा डोमेन कंट्रोलर असेल आणि तो वेगळी साइट म्हणून लावलेला असेल, तर दोन साइटमधली देवाणघेवाण मुळात १८० मिनिटांनी होते. यवतमाळला नाव टाकलं आणि फॅक्स सर्व्हर वणीच्या कंट्रोलरला विचारत असेल, तर तीन तास वाट बघावी लागू शकते. ही मुदत १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. त्याहून सोपं म्हणजे नावं जिथे टाकता, त्याच कंट्रोलरला सिंक लावा.

"फक्त बदललेले वाचा" असा पर्याय काही सॉफ्टवेअर देतात. लहान ऑफिसने त्या भानगडीत पडू नये. बदलाचा मोजणी-क्रमांक प्रत्येक कंट्रोलरचा वेगळा असतो. शिवाय माणसाला ग्रुपातून काढलं की बदल ग्रुपच्या नोंदीवर पडतो, माणसाच्या नाही. फक्त माणसांच्या नोंदी बघणारं सिंक त्यामुळे नेमकं जाणाऱ्यालाच चुकवतं. दर वेळी सगळी यादी वाचा, काही सेकंदांचं काम आहे.

आमच्याकडे फुकटचं हायलाफॅक्स आहे. त्यात हे होतं का?

होतं, थोड्या हातकामाने. हायलाफॅक्स प्लसमध्ये पॅम (लिनक्सची लॉगिन तपासायची व्यवस्था) आणि एलडॅपने ओळख तपासायची सोय आहे. कोणाला आत सोडायचं याची यादी होस्ट्स-डॉट-एचफॅक्सडी या फाइलमध्ये असते. डिरेक्टरी वाचून ही फाइल लिहिणारी लहानशी पायथन स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, लावायची.

तीन गोष्टी सांभाळा. ओळींचा क्रम महत्त्वाचा, कारण जी ओळ आधी जुळते तीच लागू होते. नाकारायच्या ओळी, ज्या उद्गारचिन्हाने सुरू होतात, त्या वर ठेवा. चालू फाइलवर थेट लिहू नका. शेजारी नवी फाइल पूर्ण लिहा आणि मग तिचं नाव बदलून जागेवर आणा, म्हणजे अर्धी लिहिलेली फाइल कोणाला दिसत नाही. आणि नव्या फाइलचा मालक व परवानगी पुन्हा लावा: फॅक्सचा युजर आणि ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. हे राहिलं, की सिंक लॉगमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं आणि प्रत्यक्षात कोणीच आत जाऊ शकत नाही.

डिरेक्टरीतल्या फॅक्स नंबरच्या रकान्यावरून बटवडा करता येईल का?

रकाना आहे, पण आधी त्यात काय भरलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी सगळ्यांच्या नावावर ऑफिसचा एकच नंबर असतो. त्यावरून बटवडा लावला तर प्रत्येक फॅक्स प्रत्येकाला. स्वतंत्र नंबर असतील तर लिहायची पद्धत एक करा. कोणी ०७१५२ ने सुरू करतो, कोणी ७१५२ ने, कोणी मध्ये रेघ देतो. वर्ध्याचा कोड चार आकडी, नागपूरचा ७१२ तीन आकडी. सुरुवातीचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे होतात का, एवढं सिंकने तपासावं आणि सगळं अधिक ९१ ने सुरू होणाऱ्या रूपात साठवावं.

नावं मराठीत ठेवली तर?

डिरेक्टरीला अडचण नाही, ती युनिकोड आहे. लॉगिन इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि दाखवायचं नाव देवनागरीत. फॅक्सचं कव्हर पान मात्र स्वतःलाच पाठवून बघा. जुने कव्हर साचे फक्त रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात, त्यात "श्रीमती"च्या जागी चौकोन छापले जातात. तसं झालं तर साचा बदला. मराठी फॉन्ट आत बसवलेलं पीडीएफ कव्हर चालतं.

आम्ही आता सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेलं. सर्व्हरच ठेवला नाही.

मग तुमची डिरेक्टरी एंट्रा आयडी आहे, जिचं नाव २०२३ पर्यंत अ‍ॅझ्युर एडी होतं. ती थेट एलडॅप बोलत नाही. फॅक्स सर्व्हरला स्किम किंवा मायक्रोसॉफ्ट ग्राफ (नेटवरून युजरची यादी मिळवायच्या पद्धती) येत असेल तर सरळ जोडा. नसेल तर मध्ये वेगळी डोमेन सेवा घ्यावी लागते, आणि तिचा महिन्याचा खर्च लहान संस्थेला जड जातो. गूगल वर्कस्पेसच्या काही प्लॅनमध्ये सुरक्षित एलडॅप मिळतं. तुमचा प्लॅन त्यात बसतो का, ते आधी विचारा.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

आधी कोरडी खेप चालवा: सिंक वाचेल, काय करणार ते लिहील, पण बदल करणार नाही. ती यादी छापा आणि हेडक्लार्कसमोर ठेवा. "हे साहेब तर मागच्याच वर्षी रिटायर झाले" असं तिथेच निघतं. अशी नावं आधी डिरेक्टरीत दुरुस्त करा.

मग एका विभागावर चालू करा. आवकवर नको, लेख्यावर करा. लेख्यातल्या लोकांना काही चुकलं तर लगेच कळतं आणि ते सांगतातही.

रोज काय बघायचं?

लॉगची शेवटची ओळ. अशी काहीतरी असते: "वाचले ४१, नवे १, बदलले २, गोठवले ०, सोडले १." नवे आणि गोठवले यांचा ऑफिसातल्या हालचालीशी ताळा लागतो का बघा. कोणाची बदली झाली हे तुम्हाला चहाच्या टपरीवर कळलेलंच असतं. "सोडले" हा आकडा रोज तोच येत असेल, तर त्याच्या मागे एकच माणूस असतो: मेल भरलेला नाही, किंवा दोन अकाउंटला एकच मेल दिलाय. तो तेवढा निस्तरा. आणि "वाचले"चा आकडा महिनोन्‌महिने हलतच नसेल, तर सिंक चालू आहे की जुनाच लॉग समोर येतोय, ते तारखेवरून बघा.